परग्रही सैन्याची पदनामे आणि औपचारिक भाषा : वारंवार होणारा बिघाड आणि त्याचे निवारण

परग्रहावरील सैन्य ज्यांत वावरते अशा कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यांतला एक बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तो पहिल्या दहा पानांतच ओळखू येतो. वाचकाची तक्रार बहुधा मोघम असते: सैन्य खरे वाटत नाही, नावे कठीण आहेत, कोण कोणाचा वरिष्ठ ते लक्षात राहत नाही. लेखक ती ऐकून नावे बदलतो, नवी नावे जुन्यांहून विचित्र होतात आणि तक्रार जागच्या जागी राहते. म्हणून नावांना हात लावण्यापूर्वी लक्षणे नीट पाहावीत.

लक्षणे

- वाचक तिसऱ्या प्रकरणात पोहोचल्यावर पहिल्या प्रकरणाची पाने उलटून पाहतो, कारण दोन पदनामे एकाच अक्षराने सुरू होतात आणि एकाच तऱ्हेने संपतात.
- आठ पायांचा, अंडी घालणारा सेनानी कर्नलसारखा बोलतो, कर्नलसारखा रागावतो आणि नसलेल्या हाताने सलाम ठोकतो.
- एकाच व्यक्तीला एका पानावर तीन पदनामे लागतात आणि तिघेजण बोलत आहेत असे वाटते.
- वरिष्ठ मंडळी जडजंबाळ संस्कृतात बोलतात, कनिष्ठ साध्या मराठीत. आणि वरिष्ठ अचानक "तू"वर येतो तेव्हा तो अपमान आहे, जवळीक आहे की लेखकाची नजरचूक, हे कळत नाही.
- शत्रूची नौका दिसल्याची खबर देणारे वाक्य इतके लांब असते की ते संपेपर्यंत नौका येऊन धडकली असती.

यांपैकी एकच लक्षण असेल तर पहिल्या दोन तपासण्यांत काम भागते. तीन किंवा अधिक असतील, तर बिघाड शब्दांत नसून शब्दांमागच्या रचनेत आहे असे समजून पुढे जावे. तपासण्यांचा क्रम मात्र मोडू नये. शेवटची तपासणी महिनाभराचे काम काढते आणि पुष्कळदा तिची गरजच नसते.

पहिली तपासणी : मोठ्याने वाचणे

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. लढाईच्या प्रसंगाचे एक पान आणि दरबारातले किंवा चौकशीतले एक पान मोठ्याने वाचावे. डोळा अवघड शब्दावरून घसरून पुढे जातो, जिभेला ती सोय नाही. जिथे जीभ अडते तिथे खूण करावी, आणि ज्या पदनामावर तीनदा अडली ते पदनाम लढाईत कोणी पूर्ण उच्चारणार नाही हे मान्य करावे.

खऱ्या सैन्यांतही असेच होते. लेफ्टनंट कर्नलला बोलताना "कर्नल" म्हणतात आणि मेजर जनरलला "जनरल". पूर्ण हुद्दा लागतो तो कागदावर. म्हणजे प्रत्येक पदनामाला लेखी आणि तोंडी अशी दोन रूपे हवीत, आणि तोंडी रूप तीन-चार अक्षरांच्या पलीकडे जाऊ नये. ज्या पदनामाचे तोंडी रूप करताच येत नाही, ते पदनामच बदलावे.

दुसरी तपासणी : विभक्ती आणि लिंग

ही तपासणी मराठीत लिहिणाऱ्यालाच करावी लागते, आणि नेमकी तीच सर्वांत कमी केली जाते. कल्पित पदनामाला "ला", "ने", "चा" लागले की त्याचे सामान्यरूप काय होणार, हे लेखकाने ठरवलेले नसते. समजा पदनाम "तोर्वा" आहे. मराठीत "पेशवा"चे "पेशव्याला" होते, पण "राजा"चे "राजाला"च राहते. आपला तोर्वा कोणत्या वाटेने जातो? मी पाहिलेल्या एका हस्तलिखितात अशाच एका पदनामाची तीन रूपे होती, आणि वाचकाला ते तीन वेगवेगळे अधिकारी वाटत होते. व्यंजनान्त पदनामांचेही तेच. "कर्नलला", "कर्नलांना" आणि "कर्नलना" अशी तिन्ही रूपे छापून आलेली दिसतात. ईकारान्त पदनाम सर्वांत सोयीचे, कारण "सेनापतीला", "सेनापतींनी" यांत मूळ शब्द अभंग राहतो.

तपासणीची पद्धत सोपी आहे. संगणकावरच्या मजकुरात पदनामाचा न बदलणारा भाग शोधावा. "तोर्वा" शोधल्यास "तोर्व्याला" सापडणार नाही, "तोर्व" शोधल्यास दोन्ही सापडतील. जितकी रूपे निघतील ती कागदावर उतरवावीत आणि एक ठेवून बाकीची हाताने दुरुस्त करावीत. एका फटक्यात सर्वत्र बदल करण्याची सोय वापरू नये. मी एकदा "सर" या संबोधनाच्या जागी "नवकाती" हे नवे पदनाम अशाच रीतीने घातले, आणि धूर "पसरला" होता तिथे तो "पनवकातीला" झाला. "दुसरा", "सरळ", "सरकला" हे शब्दही त्याच वाटेने गेले. निस्तरायला दोन दिवस लागले.

लिंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रजातीला दोन लिंगे नसतील, तीन असतील किंवा वयाप्रमाणे लिंग बदलत असेल, तरी मराठी क्रियापद लेखकाला सुटका देत नाही. आदरार्थी अनेकवचनाने लिंग झाकले जाते असे अनेकांना वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. "सेनापती येतात", "सेनापती येतील" यांतून लिंग कळत नाही. भूतकाळात मात्र "आले" आणि "आल्या" असा भेद उघडा पडतोच. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ येथे कामी येतो: "सेनापतींनी आज्ञा दिली" या वाक्यात क्रियापद आज्ञेच्या लिंगाने चालते, देणाऱ्याच्या नाही. "ओरडले"ऐवजी "हाक दिली", "निघाले"ऐवजी "तळ सोडला" असे करीत गेल्यास लिंगाचा उल्लेख न करता प्रकरणेच्या प्रकरणे लिहिता येतात. नपुंसकलिंग हा दुसरा मार्ग आहे, पण अधिकाऱ्याबद्दल "ते आले" लिहिले की वाचक त्यास पुल्लिंगी आदरार्थी रूप समजतो, म्हणून तो मार्ग सहसा फसतो.

तिसरी तपासणी : शिडी आणि तिच्यावरची माणसे

एक कोरा कागद, एक तास. सर्वांत खालच्या शिपायापासून सर्वांत वरच्या अधिकाऱ्यापर्यंत शिडी काढावी आणि प्रत्येक पायरीपुढे तिच्या हाताखाली किती जण आहेत ते लिहावे. ही संख्या कथेत कधीच येणार नसली तरी लिहावी, कारण पदनामे पुष्कळदा संख्येतूनच जन्मतात. मंगोल सैन्याची मांडणी दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशी दशमान होती आणि प्रत्येक गटाचा एकेक नायक होता. शिवकालीन घोडदळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोडा मिळालेल्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी असे.

आता हा हिशेब करून पाहावा. पंचवीस गुणिले पाच म्हणजे १२५, त्याच्या दहापट १,२५०. म्हणजे "हजारी"च्या हाताखाली हजाराहून अधिक स्वार भरतात आणि "पंचहजारी"च्या हाताखाली ६,२५०. रोमन सैन्यातले "शतक" तर नावाने शंभरांचे असून प्रत्यक्षात सुमारे ऐंशी जणांचे असे. नाव आणि संख्या यांच्यातली ही फट जुन्या, वापरून झिजलेल्या व्यवस्थेची खूण आहे. परग्रही सैन्यात सगळे आकडे नेमके जुळत असतील, तर ते सैन्य कालच कागदावर तयार झाल्यासारखे दिसते. एखाद्या पायरीवर मुद्दाम फट ठेवावी आणि तिचे कारण स्वतःला सांगावे. सहा-सहा बोटांचे दोन हात असलेली प्रजाती दहाने मोजेल असे गृहीत धरू नये, हेही येथेच तपासावे. तिचे गट १२, १४४ आणि १,७२८ यांचे असण्याची शक्यता अधिक.

शिडीला पायऱ्या कितीही असोत, पानावर चारांहून अधिक आणू नयेत. भूसेनांत लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत अधिकाऱ्यांच्याच नऊ-दहा पायऱ्या असतात, हे खरे. पण सैनिकाला त्या रोज समोर दिसतात, वाचकाला दिसत नाहीत.

चौथी तपासणी : हुद्दा, नेमणूक आणि किताब

बहुतेक बिघाड मला येथे सापडतो, म्हणून येथे घाई करू नये. हुद्दा माणसाबरोबर जातो; नेमणूक जागेबरोबर राहते; किताब गौरव म्हणून मिळतो आणि त्यास अधिकार असेलच असे नाही. हंसाजी मोहित्यांना सेनापतिपद मिळाले ही नेमणूक, आणि "हंबीरराव" हा किताब. लेखकाच्या मनात हे तीन धागे वेगळे नसतील तर एकाच व्यक्तीची तीन पदनामे पानावर आपापसांत भांडू लागतात. प्रत्येक पात्रापुढे तिन्ही रकाने आखावेत; रकाना रिकामा राहिला तर हरकत नाही, पण एकाच रकान्यात दोन शब्द बसत असतील तर त्यांतला एक काढून टाकावा.

"कॅप्टन" हा शब्द या गोंधळाचा नमुनाच आहे. भूसेनेतला कॅप्टन कनिष्ठ अधिकारी, नौदलातला कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. शिवाय जहाजावर ज्याची हुकमत चालते त्यास, त्याचा हुद्दा काहीही असला तरी, कॅप्टन म्हणतात. अंतराळनौकांच्या कथांत हे तिन्ही अर्थ बेमालूम मिसळतात आणि भूदलाचा कॅप्टन नौकेवर चढला की कोण कोणाला आज्ञा देणार हे लेखकालाही सांगता येत नाही.

"आमच्या परग्रहवासीयांत समता आहे, म्हणून हुद्दे नाहीत" असे उत्तर मला वारंवार मिळते. उत्तर वाईट नाही, पण ते प्रश्न मिटवत नाही. रशियात १९१७च्या क्रांतीनंतर लष्करी हुद्दे रद्द झाले आणि नेमणुकीच्या नावांवर काम चालवले गेले. १९३५ साली व्यक्तिगत हुद्दे परत आले आणि १९४० साली "जनरल" हा शब्दही परतला. चीनने १९६५ साली हुद्दे रद्द केले, १९७९ साली व्हिएतनामविरुद्धची लढाई त्यांच्याविना लढली आणि १९८८ साली ते पुन्हा सुरू केले. हुद्दे नसलेल्या सैन्यातही दोन तुकड्या एकत्र आल्यावर कोणाचे ऐकायचे, हे ठरवावेच लागते. कथेत ते कशावरून ठरते, याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे.

पाचवी तपासणी : शब्द कोठून आला

येथून काम महाग होते. मेहनत अधिक लागते आणि हाताशी शब्दकोश हवेत. प्रत्येक पदनामाला विचारावे, की या समाजाच्या कोणत्या अनुभवातून हा शब्द निघाला असता. आपल्या ओळखीची पदनामे उलगडली तर त्यांच्यात फारसे शौर्य नसते. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा धरणारा. मार्शल म्हणजे मुळात घोड्यांची देखभाल करणारा नोकर. सार्जंट म्हणजे सेवा करणारा. कर्नल हा स्तंभरूपी तुकडीवरून आला, अ‍ॅडमिरल अरबी अमीरावरून, आणि हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो. ज्या ग्रहावर घोडा नाही तिथे मार्शल उपजणार नाही. तिथे दुसऱ्याच कुठल्या तरी क्षुल्लक कामातून मोठे पद तयार झाले असेल. शब्दांची किंमतही घसरते. सुभेदार एके काळी अख्ख्या सुभ्याचा प्रमुख होता, आज तो भारतीय सैन्यात कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी आहे. मेजर हा लेफ्टनंटच्या वर असूनही मेजर जनरल लेफ्टनंट जनरलच्या खाली असतो, कारण तो मुळात "सार्जंट मेजर जनरल" होता आणि सार्जंट गळून पडला. अशी एखादी विसंगती शिडीत असू द्यावी.

वर ज्याने माझे दोन दिवस खाल्ले ते "नवकाती" हे पदनाम याच तपासणीतून निघाले होते. प्रजाती कवचधारी होती आणि वयाबरोबर कात टाकीत असे. जितक्या काती टाकल्या तितके ज्येष्ठत्व, हा नियम कथेत होताच. पदनामे मात्र "कमांडर" आणि "सुप्रीम कमांडर" अशी होती. "पंचहजारी"च्या घडणीवर "पंचकाती", "नवकाती" हे शब्द केले आणि वाचकाला शिडी वेगळी समजावून सांगण्याची गरजच उरली नाही, कारण आकडा नावातच होता. पुढचा लाभ अनपेक्षित होता. खेकड्यासारख्या प्राण्याचे नवे कवच काही काळ मऊ असते. म्हणजे सेनानी बढती मिळते त्याच क्षणी सर्वांत दुबळा असतो आणि त्याच्या जागी कोणाला तरी उभे राहावे लागते. त्या पदाला "कवचधर" नाव दिले. लेफ्टनंटचाच अर्थ, पण त्या ग्रहाच्या मातीतून उगवलेला.

सहावी तपासणी : औपचारिक भाषा

सर्वांत अवघड, आणि आधीच्या पाच झाल्याशिवाय हात लावू नये अशी. येथला रूढ गैरसमज असा, की शब्द जितके संस्कृत तितकी भाषा औपचारिक. मराठीत दरबारी शब्दांचा एकही थर तटस्थ नाही. "फर्मान", "जासूद", "मोर्चा" म्हटले की फेटे दिसतात. "महारथी", "अक्षौहिणी" म्हटले की पुराण. "कर्नल", "परेड" म्हटले की छावणी. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी राजभाषेच्या जागी संस्कृत शब्द योजले, सरनौबताचा सेनापती झाला, तेव्हा शब्द बदलण्यामागे राज्य बदलल्याची घोषणा होती. परग्रहावर अशी घोषणा कोणी केली असेल तर थर मिसळावेत. नसेल तर एका समाजाला एकच थर द्यावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा.

औपचारिकता खरी वसते ती व्याकरणात. तू, तुम्ही, आपण या तीन पायऱ्या आणि "या", "यावे", "येण्याचे करावे" ही आज्ञेची रूपे यांतून जे साधते ते अवघड शब्दांतून साधत नाही. शिडीवर चार पायऱ्या असतील तर चार गुणिले चार असा सोळा घरांचा तक्ता आखावा आणि प्रत्येक घरात कोण कोणाला कोणते सर्वनाम, कोणते संबोधन आणि आज्ञेचे कोणते रूप वापरतो ते भरावे. तक्त्याचे कारण असे, की नियम माहीत असेल तरच तो मोडल्याचा आवाज ऐकू येतो. नवकाती आयुष्यभर कवचधराला "तुम्ही" म्हणत आला असेल आणि एकदाच "तू" म्हणाला, तर पुढे रागाचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. आदराच्या शब्दांचे दैवही पालटते: जपानी भाषेत "किसामा" हे एके काळचे आदरार्थी सर्वनाम आज शिवीसारखे वापरले जाते. दोन दलांत संबोधन वेगळे असू शकते, याचे उदाहरण फ्रेंच सैन्यात आहे. भूदलात वरिष्ठाच्या हुद्द्याआधी "मों" लावतात, नौदलात लावीत नाहीत. एवढ्याशा फरकाने कोण कोणत्या दलाचा ते कळते.

"आपण" या शब्दावर मात्र बारीक लक्ष ठेवावे. तो आदराने "तुम्ही" आहे आणि बोलणाऱ्यासह "आम्ही-तुम्ही"ही आहे. "आपण मागे हटावे" हे वाक्य कनिष्ठ अधिकाऱ्याने ऐन लढाईत उच्चारले, तर सेनानीने एकट्याने हटायचे की सगळ्या सैन्याने, हे वाचकाला कळत नाही. लढाईच्या प्रसंगातून "आपण" शक्यतो काढून पदनामच घालावे.

शेवटी लांबी. संकटात औपचारिकता आखूड होते, चौकशीत आणि समारंभात लांब होते. जुन्या पत्रांत समोरच्याच्या दर्जाप्रमाणे मायना बदलत असे, पण वेढ्यातून धाडलेल्या चिठ्ठीत मायन्याला जागा नसते. पुढील वाक्य मूळ हस्तलिखितातल्या वाक्याच्या धर्तीवर आहे: "हे महासेनाधिपती, मी आपणांस विनम्रतापूर्वक निवेदन करू इच्छितो की शत्रूची नौका आपल्या दिशेने अग्रेसर होत आहे." दुरुस्तीनंतर ते असे झाले: "नवकाती, उजवीकडून नौका. आज्ञा व्हावी." आदर "व्हावी"मध्ये पूर्ण उरला आहे.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पदनामे तीनदा बदलूनही तोच वाचक त्याच जागी अडखळत असेल, तर चौथ्यांदा बदलू नयेत. दोष आज्ञेच्या साखळीत आहे आणि ती निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला किंवा लष्करी इतिहासाच्या अभ्यासकाला दाखवावी. कोणाच्या सहीशिवाय नौका हलत नाही, असले प्रश्न ते पहिल्या वाचनात विचारतात.

परग्रही भाषेची वाक्ये एका पानाहून अधिक होऊ लागली, किंवा दोन बोलींचा संबंध दाखवायचा असेल, तर भाषाशास्त्रज्ञाकडे जावे. ध्वनिबदलाचे नियम अंदाजाने केले की दहाव्या शब्दाला ते एकमेकांना छेद देतात आणि नंतर सगळाच शब्दसंग्रह मोडावा लागतो. एखाद्या जिवंत भाषेतील आदरार्थी रूपे उसनी घेतली असतील, तर ती भाषा घरी बोलणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नयेत. शब्दकोश अर्थ सांगतो, तो शब्द आज कोणाला टोचतो ते सांगत नाही.

आणि मालिकेचा पहिला भाग छापून झाला असेल, तर लेखकाने एकट्याने एकही पदनाम बदलू नये. सामान्यरूपांची यादी, चार पायऱ्यांची शिडी आणि सोळा घरांचा तक्ता असे तीन कागद संपादकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या हाती द्यावेत, आणि दुसऱ्या भागाची मुद्रिते त्यांच्याकडून परत येईपर्यंत मजकुराला हात लावू नये.